कंपाउंड मायटर सॉ : कोकणच्या हवेत अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या खंडेनवमीच्या पूजेत तात्यांच्या रंध्या-पटाश्यांशेजारी मी १० इंची पात्याचा कंपाउंड मायटर सॉ मांडला. तात्या म्हणजे माझे वडील. मालवण तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांनी पन्नास वर्षे हातकरवतीवर दारे, चौकटी आणि देव्हारे केले, आणि आजही ते रोज सकाळी घरामागच्या मांगरात येऊन बसतात. याच मांगरात माझा छोटा कारखाना आहे. यंत्र घेऊन आता अकरा महिने होत आले. या काळात त्यावर छपराचे वासे आणि रिपा कापल्या, खिडक्यांच्या चौकटी व फोटोंच्या फ्रेमा केल्या, तीन देव्हारे केले आणि गणपतीच्या आधीच्या दीड महिन्यात एकवीस माटव्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या लाकडी चौकटी, केल्या. एक पूर्ण पावसाळा त्याने आमच्याकडे काढला असल्यामुळे आता त्याच्याविषयी जबाबदारीने लिहिता येईल असे वाटते. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे लिहिलेले जवळजवळ सगळे या जातीच्या कोणत्याही यंत्राला लागू पडते.

ज्यांनी हे यंत्र जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लाकूड टेबलावर ठेवून मागच्या उभ्या पट्टीला, म्हणजे फेन्सला, टेकवायचे आणि फिरते पाते वरून खाली आणायचे. टेबल डावी-उजवीकडे फिरवले की आडवा कोन मिळतो, पात्याचे डोके कलते केले की उभा कोन मिळतो आणि दोन्ही एकदम केले की तिरक्या उताराचा सांधा एकाच कापात निघतो. ‘कंपाउंड’ हे नाव त्यावरून आले आहे. माझे यंत्र पुढे-मागे सरकणारे नाही, त्यामुळे सरळ कापात साधारण १३० मिमी आणि ४५ अंशांत साधारण ९० मिमी रुंदीचेच लाकूड एका फटक्यात कापता येते. चौकटी, रिपा आणि फ्रेमा यांना हे पुरते. रुंद फळीसाठी मी अजून हातकरवतच काढतो.

यंत्र खोक्यातून काढले त्या दिवशी माझी समजूत अशी होती की कारखान्यातून आलेले यंत्र गुण्यात, म्हणजे बरोबर काटकोनात, असणारच. पहिल्या चार फ्रेमांचे सांधे जुळले नाहीत तेव्हा मी लाकडाला दोष दिला, मग गोंदाला दिला. तात्यांनी मात्र कापलेल्या फळीला काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहिला, फळी उजेडाकडे धरली आणि म्हणाले, “आधी यंत्राक गुण्यो लाव, मगे लाकडाक.” त्या दिवसापासून जे शिकलो ते सविस्तर लिहितो, कारण नव्या माणसाचे सगळ्यात जास्त नुकसान इथे होते.

पहिली गोष्ट म्हणजे प्लग काढायचा. मी तो नुसता काढून सोडून देत नाही, तर टेबलावर समोर आणून ठेवतो, म्हणजे पात्याजवळ हात असताना तो डोळ्यांना दिसत राहतो. त्यानंतर डोके पूर्ण खाली आणून खिटीने अडकवायचे, टेबल शून्यावर लावायचे आणि गुण्याची एक बाजू फेन्सला व दुसरी पात्याला लावायची. इथे एक बारकावा आहे. पात्याचे दात पत्र्यापेक्षा थोडे जाड असतात, म्हणून गुण्या दाताला टेकला तर माप चुकते. तो दोन दातांच्या मधल्या जागेतून सपाट पत्र्यावरच टेकला पाहिजे. माझ्या यंत्रात पुढच्या टोकाला गुण्या आणि पाते यांच्यामध्ये बारीक उजेड दिसत होता. फेन्सचे चारही बोल्ट किंचित सैल केले, फेन्स गुण्याला चिकटवून धरली आणि बोल्ट एका बाजूने ओळीने न आवळता समोरासमोरचे आळीपाळीने आवळले. ओळीने आवळले तर शेवटच्या बोल्टाला फेन्स पुन्हा सरकते, हे मी दोनदा अनुभवले. मग गुण्या टेबलावर उभा करून पात्याचा उभा कोन पाहिला, आणि मागच्या बाजूला असलेल्या अडथळ्याच्या बोल्टाने तो शून्याला व पंचेचाळीसला बसवला. सर्वांत शेवटी दर्शक काटा शून्यावर आणला. काटा हा कोनाचा फक्त साक्षीदार आहे. आधी काटा जुळवून कोन त्याच्यावर सोपवणे ही उलटी वाट झाली.

गुण्याने जुळवल्यानंतरही खरी परीक्षा कापात होते. साधारण १०० मिमी रुंदीची, दोन्ही कडा रंधून समांतर केलेली फळी घ्यावी आणि मधोमध सरळ कापावी. मग दोनपैकी एक तुकडा उलटा करून कापलेल्या कडा एकमेकींना भिडवाव्यात. कोन बरोबर असेल तर फट दिसणार नाही, आणि चुकला असेल तर चूक दुप्पट होऊन दिसेल. माझ्या पहिल्या कापात टोकाला १ मिमी फट होती, म्हणजे मूळ चूक १०० मिमीला अर्धा मिमी, अंशांत सांगायचे तर सुमारे ०.३ अंश. एवढ्याशाने काय बिघडते असे कोणालाही वाटेल. परंतु फोटोच्या एका फ्रेमला चार कोपरे आणि आठ काप असतात, आणि तीच चूक आठ वेळा साठली की शेवटच्या कोपऱ्यात ती सुमारे अडीच अंशांची होते. माझ्या चार फ्रेमांचे शेवटचे कोपरे का उघडे राहत होते ते मला त्या एका फळीने दाखवले.

यंत्र बाकाला चार बोल्टांनी घट्ट बसवले आहे आणि दोन्ही बाजूंना यंत्राच्या टेबलाच्या बरोबर उंचीचे लाकडी आधार केले आहेत. वासा बारा फूट लांब असेल तर आधारावाचून त्याचे टोक लोंबते, काप पुरा होत आला की लाकूड पात्यावर मिटते आणि पाते अडकते. पात्याखालच्या रुंद खाचेतून काप फाटू नये म्हणून मी टेबलावर एक पातळ फळी लावून ठेवली आहे. पहिल्यांदा एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी, लावले होते, ते जून संपेपर्यंत फुगून दोन सूत, म्हणजे पाव इंच, उचलले. आता पाणी सोसणारे प्लायवूड लावले आहे.

विजेचा विषय गावाकडच्या माणसाने आधीच पाहून घ्यावा. यंत्र १६५० वॅटचे आहे, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे ७ अँपिअर ओढते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. मी सुरुवातीला घरातल्या सॉकेटमधून १ चौरस मिमीच्या तारेची वीस मीटर लांब एक्स्टेन्शन ओढून आणली होती. संध्याकाळी मल्टिमीटर लावून पाहिला तर मांगरात जेमतेम १९० व्होल्ट पोहोचत होते. पाते सुरू व्हायला वेळ लागायचा, ऐनाच्या जाड लाकडात ते बसल्यासारखे व्हायचे आणि मोटरला वास यायचा. आता मांगरापर्यंत २.५ चौरस मिमीची स्वतंत्र तार, १६ अँपिअरचे सॉकेट आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा खटका, आहे. यंत्रावर दुहेरी इन्सुलेशनची खूण, म्हणजे चौकोनात चौकोन, आहे आणि त्याला अर्थिंगची पिन नाही. तरी पावसाळ्यात ओल्या जमिनीवर उभे राहून काम होते, म्हणून आरसीसीबीचा खर्च मी आवश्यकच समजतो. संध्याकाळी व्होल्टेज पडते तेव्हा जाड लाकूड कापत नाही, ते काम सकाळी करतो.

यंत्रासोबत आलेले पाते २४ दातांचे होते. छपराच्या कामाला ते चांगले आहे, भराभर कापते आणि भुसा बाहेर फेकते, पण फ्रेमांच्या कामाला त्याचा काप फार खडबडीत येतो. म्हणून ८० दातांचे दुसरे पाते घेतले. घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. मधले भोक यंत्राच्या आसाला बरोबर बसणारे असावे. पात्यावर छापलेली फेऱ्यांची मर्यादा यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा जास्त असावी. तिसरी गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही : मायटर सॉसाठी दात किंचित मागे झुकलेले, उणे ५ अंशांच्या आसपासचे, असलेले पाते घ्यावे. टेबल सॉचे, म्हणजे टेबलातून वर आलेल्या पात्यावर लाकूड ढकलायच्या यंत्राचे, पुढे झुकलेल्या दातांचे पाते इथे लाकूड स्वतःकडे ओढून घेते आणि डोके एकदम खाली येते. पाते काढताना लक्षात ठेवायचे की बहुतेक यंत्रांत नटाचे आटे उलटे असतात, म्हणजे तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की सैल होतो. मी पहिल्या दिवशी नेहमीच्या सवयीने जोर लावून तो अधिकच आवळला होता.

आमच्याकडे जुन्या घरांचे लाकूड पुष्कळ येते. ऐनाचे आणि सागाचे साठ-सत्तर वर्षांचे वासे अजून घट्ट असतात, आणि त्यांच्या पोटात गंजून काळे झालेले खिळे असतात. एका वाशात असा खिळा लागून ८० दातांच्या पात्याचे एक कार्बाइडचे टोक उडाले. तेव्हापासून जुना वासा कापण्याआधी त्याच्यावरून सगळीकडे लोहचुंबक फिरवतो, आणि अशा लाकडाला २४ दातांचे पातेच लावतो. फणसाचे नवे लाकूड वेगळा त्रास देते. चीक आणि भुसा मिळून दातांच्या बाजूला तपकिरी थर बसतो, पाते गरम होऊ लागते आणि कापाच्या कडा करपतात. नवखा माणूस पात्याची धार गेली असे समजून ते बदलायला निघतो. पाते काढून कपड्यांच्या साबणाच्या पाण्यात अर्धा तास ठेवावे, जुन्या दातब्रशने घासावे आणि लगेच कोरडे करावे. माझ्या पात्याची धार गेलेली नव्हतीच.

आता सुरक्षिततेविषयी लिहितो. माझ्या यंत्राचे पाते मिनिटाला ४५०० फेरे करते. १० इंची पात्याच्या दाताचे टोक त्या हिशेबाने सेकंदाला ६० मीटर, म्हणजे ताशी सुमारे २१६ किलोमीटर वेगाने जाते. हा आकडा मी काढला तो एका प्रसंगानंतर. श्रावणात माटव्यांचे काम चालू होते. माटवी म्हणजे गणपतीच्या वर टांगायची लाकडी पट्ट्यांची चौकट, जिला नारळ, सुपारीचे घोस, कवंडळे आणि आंब्याचे टाळे बांधतात. तिच्या पट्ट्या एका मापाच्या, शेकड्यांनी कापाव्या लागतात. काम हाताला बसले होते आणि त्यामुळेच घाई झाली. एक पट्टी कापली, पाते थांबण्याची वाट न पाहता डोके वर उचलले, आणि पात्याच्या बाजूला मोकळा पडलेला इंचभराचा तुकडा दातांत सापडून फेन्सवर आदळला व माझ्या कानाजवळून मागे गेला. मांगराच्या चिऱ्याच्या भिंतीवर त्याने नखाएवढी खाच पाडली आहे. डोळ्यांवर चष्मा होता, पण तुकडा चार बोटे अलीकडून आला असता तर गाल फाटला असता. तात्यांनी त्या दिवशी काम बंद करायला लावले.

त्यानंतर मी जो क्रम ठरवला तो आजवर मोडलेला नाही. खटका दाबायचा, पाते पूर्ण वेगात येऊ द्यायचे, मगच ते लाकडाला लावायचे. काप पुरा झाला की डोके खालीच धरून खटका सोडायचा, पात्याचा आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबायचे आणि मग डोके उचलायचे. माझ्या यंत्राला विजेचा ब्रेक आहे, त्यामुळे हे थांबणे काही सेकंदांचेच असते. दिवसाला दोनशे काप झाले तरी त्याने कामाचा फारसा वेळ जात नाही. एका मापाचे तुकडे कापण्यासाठी लावलेला अडसर नेहमी आपण धरलेल्या बाजूलाच असावा. सुटणाऱ्या तुकड्याच्या बाजूला अडसर लावला तर तो तुकडा पाते आणि अडसर यांच्यात कोंडतो आणि उडतो. अडसराचा खालचा कोपरा मी रंध्याने थोडा मारला आहे, नाहीतर तिथे भुसा साठून पन्नासाव्या पट्टीचे माप पहिल्या पट्टीपेक्षा अर्धा सूत कमी भरते.

हात पात्यापासून किमान १५० मिमी, म्हणजे सहा इंच तरी, लांब हवा. टेबलावर दोन्ही बाजूंना मी लाल रंगाची रेघ मारली आहे आणि मदतीला येणाऱ्या मुलाला सांगितले आहे की रेघेच्या आत फक्त लाकूड जाईल. तेवढ्या अंतरावरून धरता येणार नाही इतका लहान तुकडा असेल तर तो क्लॅम्पने धरावा, आणि शक्यतो लहान तुकडे लांब पट्टीतूनच काढावेत. उजव्या हाताने खटका धरून डावा हात पात्याच्या पुढून उजवीकडे नेण्याचा मोह होतो, तो कधीही करू नये. वाकडी फळी फेन्सला लावताना तिची फुगीर बाजू फेन्सकडे ठेवावी. खोलगट बाजू लावली तर मधे पोकळी राहते, कापताना लाकूड आत सरकते आणि पात्याला चिमटा बसतो. बांबू किंवा गोल वासा मोकळा ठेवला तर पाते लागताच गडगडतो, म्हणून त्याच्यासाठी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी खाच असलेला ठोकळा करून घेतला आहे. हातमोजे घालू नयेत, धागा दातात अडकला तर हात सोबत ओढला जातो. घरच्या कपड्यांतच काम करण्याची आमच्याकडची सवयही इथे सोडावी लागते. लुंगी, खांद्यावरचा पंचा, गळ्यातली साखळी, हातातला दोरा, सगळे आधी काढून ठेवावे.

एका ओळखीच्या कारखान्यात पात्यावरचा प्लॅस्टिकचा गार्ड तारेने वर बांधून ठेवलेला पाहिला. त्यावर भुसा साठतो आणि कापाची रेघ दिसत नाही, असे कारण मला सांगण्यात आले. गार्ड पुसायला अर्धे मिनिट लागते. तो अडकत असेल तर यंत्र वापरणे थांबवून आधी त्याची स्प्रिंग पाहावी. याबाबतीत मला तडजोड मान्य नाही.

भुशाकडे आपल्याकडे कोणी गांभीर्याने पाहत नाही. लाकडाच्या भुशाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात नोंदवले आहे. यंत्राच्या मागे लावलेली पिशवी अर्धाच भुसा पकडते, उरलेला बारीक भुसा हवेत राहतो आणि तोच छातीत जातो. मी एन-९५ मास्क लावतो, मांगराची दोन्ही दारे उघडी ठेवतो आणि पिशवी अर्धी भरली की रिकामी करतो. आवाजही १०० डेसिबलच्या आसपास जातो. कानात बोळे घालण्याची सवय मला आधी नव्हती, आता आहे, आणि संध्याकाळी कानात घुमणारी शीळ बंद झाली आहे.

पावसाळ्याने यंत्राला काय केले हे आमच्या किनाऱ्यावरच्या लोकांना विशेष उपयोगी पडेल. खारी हवा आणि चार महिन्यांची ओल यांमुळे ॲल्युमिनियमच्या टेबलावर पांढरी भुकटी धरली, आणि पोलादी बोल्ट व स्प्रिंगा तांबूस झाल्या. मेणबत्तीचे मेण टेबलावर चोळून कापडाने पुसले की भुकटी थांबते आणि लाकूडही सरकन सरकते. खोबरेल तेल लावून पाहिले होते, त्यावर भुसा चिकटून लगदा झाला. सिलिकॉनचा फवारा मी टाळतो, कारण त्याचा अंश लाकडाला लागला की पॉलिशमध्ये माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. काम नसताना यंत्रावर सुती चादर टाकतो. प्लॅस्टिक टाकले की आत पाणी धरते.

लाकडाचे वागणेही बदलते. मे महिन्यात केलेल्या फ्रेमांचे कोपरे आषाढात बाहेरच्या टोकाला उघडले. मी पुन्हा यंत्र तपासले, ते बरोबर गुण्यात होते. लाकूड लांबीला जवळजवळ वाढत नाही पण रुंदीला फुगते, त्यामुळे ४५ अंशांत कापलेल्या टोकाचा कोन स्वतःच बदलतो आणि सांध्याच्या बाहेरच्या बाजूला फट पडते. उलट पावसाळ्यात केलेली फ्रेम उन्हाळ्यात आतल्या बाजूला उघडते. म्हणून रुंद पट्टीची फ्रेम मी आता पावसात करत नाही, आणि कोणी आग्रहच केला तर सांध्यात आतून लाकडी जीभ घालतो.

या यंत्राने मला सगळ्यात जास्त आनंद देव्हाऱ्याच्या शिखरात दिला. चार बाजूंचा उतार ४५ अंशांचा हवा होता. तात्या असे शिखर करताना पहिली फळी तासून दुसरीला भिडवत, पुन्हा तासत, आणि चारही सांधे जुळायला दोन दिवस लागत. हिशेब केला तर टेबलाचा कोन ३५.३ अंश आणि पात्याचा कल बरोबर ३० अंश येतो. माझ्या यंत्राचे डोके फक्त डावीकडे कलते, म्हणून फळीच्या दुसऱ्या टोकाच्या कापासाठी टेबल दुसऱ्या बाजूला फिरवून फळीची दुसरी कड फेन्सला लावावी लागते. हे आधी रद्दी लाकडावर करून पाहिले. कललेले पाते फेन्सला लागत नाही ना, हे प्लग काढून डोके खाली आणून तपासले आणि फेन्सचा वरचा भाग बाहेर सरकवला. मग शिवणीच्या लाकडाच्या चार फळ्या कापल्या. सुकेच जुळवून पाहिले तेव्हा चारही धारा टोकाला एकत्र आल्या. तात्यांनी सांध्यावरून अंगठ्याचे नख ओढले, ते कुठेही अडकले नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. टेबलाच्या ठरावीक कोनांच्या खाचा इतक्या खोल आहेत की शून्यापासून अर्धा अंश बाजूला टेबल बांधायला गेले तर ते ओढून खाचेतच बसते. जुन्या चिऱ्यांच्या घरांत एकही कोपरा बरोबर काटकोनात नसतो, त्यामुळे मला असे अर्धे अंश रोज लागतात. उपाय म्हणून फेन्स आणि लाकूड यांच्यामध्ये एका टोकाला पोस्टकार्डाची घडी सरकवतो आणि घडी वाढवत-कमी करत कोन साधतो. लेझरची रेघ उन्हात दिसत नाही आणि दोन महिन्यांत ती अर्धा सूत सरकली, तिच्या भरवशावर मी कापत नाही. टेबलावर ३१.६ अंशांची खाच आहे ती छताच्या तिरक्या नक्षीपट्टीसाठी असते, आणि तशी पट्टी आमच्या भागात मी अजून एकदाही लावलेली नाही.

मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बन ब्रश पहिल्यांदाच उघडून पाहिले, निम्मे झिजले आहेत. तालुक्याच्या गावी ते मिळाले नाहीत, म्हणून एक जोडी मागवून ठेवली आहे. ८० दातांचे पाते धार लावायला आणि उडालेले टोक बसवायला दिले आहे. ते खंडेनवमीच्या आधी परत आले की फेन्सला पुन्हा एकदा गुण्या लावीन आणि दिवाळीच्या चौकटींचे काम सुरू करीन.